टेंभराचा रंग

बापाचे डोळे चाळीस वर्षं भट्टीत पाहत राहिले,
मग भट्टीच त्यांच्यात राहायला आली.
ब्रह्मपुरीच्या शिबिरात डॉक्टरनं बॅटरी मारली,
म्हणाला, मोतीबिंदू नाही, काढता येईल असं काही नाही,
मागचा पडदाच करपला.
बाप म्हणाला, बरं.
येताना तळोधीला उतरून त्यानं
ट्रकचा तुटका कमानपाटा घेतला किलोच्या भावानं,
नखानं वाजवून, कानाशी धरून.

तेव्हापासून सांडशी त्याच्या हातात,
भाता माझ्या,
आणि डोळेही माझेच.

"कसा झाला व?"
लाल, मी म्हटलं.
"लाल म्हंजे काय? कुकू लाल, रगत लाल,
एस्टी लाल. नीट सांग."

पाणी द्यायचं काम दिवस बुडाल्यावर.
उन्हात लोखंड खोटं बोलतं.
शेजारच्या घरांतून टीव्हीचा निळा उजेड
आणि आमच्याकडे मी, अंधारात रंग हुडकत:
आधी जांभळाच्या सालीसारखा,
मग चुलीतल्या विटेचा,
मग कोंबड्याच्या तुऱ्याचा,
मग, थांबा, थांबा,
पिकल्या टेंभराचा,
झाडावरच्या नाही, खाली पडलेल्या,
मुंग्या लागायच्या आधीच्या.
"हां. आता."
आणि बादली चर्रर्र बोलायची.

शनिवारी सयत्राबाई बुरडीण आली,
पदरात जुनी सुरी, झिजून करंगळीएवढी.
तिच्या सासऱ्यानं माझ्या आजाकडून घडवलेली.
"अशीच पायजे.
बाजारची आणली होती पोट्ट्यानं,
बांबूच्या पहिल्याच गाठीले नमस्कार करते."
बापानं जुनी सुरी जिभेला लावून पाहिली.
आठ दिवस, म्हणाला.

पाटा तोडला. घण मी मारला.
तो हातोडीनं जागा दाखवायचा, टिक,
मी तिथंच, ठण्.
पातं लांबत गेलं,
पाठ जाड, धार पातळ, टोक जरा वाकडं,
जसं सयत्राबाईचं मधलं बोट.
सातव्या रात्री भट्टीत ठेवलं.
टेंभर आलं, मला दिसलं.
मी बोलले नाही.
त्याच्या पुढं अजून एक रंग उमलत होता,
पळसाचा, पाकळीच्या आतल्या बाजूचा.
मी पाहत राहिले.

पाण्यात आवाज आला, टिंग,
कोणाच्या तरी हातातली बांगडी वाढवल्यासारखा.

बापानं पातं अंगठ्यावर फिरवलं,
केसाएवढी चीर त्याला लगेच सापडली.
"पळस झाला होता," तो म्हणाला.
"फूल दिसलं तुले, आन् तू पाहत बसली."
ओरडला नाही. ओरडायला हवं होतं.

दुसरं पातं नव्या तुकड्याचं.
अमावास्या होती, कुत्रीही गप्प.
"कसा झाला व?"
मी काही सांगितलं नाही.
"कसा झाला?"
त्याच्या हातातून सांडशी काढून घेतली,
त्याची बोटं क्षणभर तशीच राहिली, वाकलेली,
रिकामी.
पातं उभं धरून पाण्यात सोडलं, घाई न करता.
बादली नेहमीपेक्षा हळू बोलली, जास्त वेळ.

मग विटेवर घासून उजळलं,
तापल्या कांबीवर पाठ टेकवली,
तशी पाठीकडून धारेकडे रंग चालत आला,
तणशीचा, मागून सुकल्या मोहाचा,
आणि त्याच्या मागं मोराच्या मानेचा निळा.
तो धारेशी पोचायच्या आत परत पाण्यात.

बाप कान देऊन बसला होता.
"भाता सोड आता," म्हणाला.
"कोयसा जयते फुकट."

जेवताना विचारलं त्यानं,
"टेंभरच होतं ना?"
टेंभराच्या जरा अलीकडचं, मी म्हटलं.
नाव नाही सापडलं.
त्यानं भाकर मोडली, ताटात चाचपून चटणी शोधली.
"माह्या बापालेबी नव्हतं सापडलं."

सयत्राबाईनं उंबऱ्यावरच हिरवी कांब चिरली,
बुडापासून शेंड्यापर्यंत, गाठींसकट,
आवाज न करता.
मग चाळीस रुपये कमी दिले,
मूठ तिवसाची नव्हती म्हणून.